व्हॉल्व्हचा पहिला ट्रान्समीटर: काय, कुठून आणि कोणत्या क्रमानं

खान्देशातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही मर्फी, बुश, फिलिप्सचे रेडिओ निघतात. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात एखाद्या दुरुस्तीवाल्याच्या फळीवर व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओतल्या निर्वात काचेच्या नळ्यांची, अख्खी पेटी धूळ खात पडलेली असते. हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून स्वतः संदेश पाठवण्या-ऐकण्याचा, नाद लागलेल्या माणसाला त्यातून एखादा ६व्ही६ मिळाला, की त्याच रात्री त्यातून सिग्नल बाहेर काढावासा वाटतो. मला ही ओढ चांगली ठाऊक आहे, आणि ती टिकावी म्हणूनच हे लिहितोय.

नवखे लोक आधी ऑसिलेटर, म्हणजे सिग्नल तयार करणारं सर्किट, जोडायला बसतात आणि वीजपुरवठा शेवटी कसाबसा उरकतात. तुम्ही हे उलट करा. आधी परवाना, मग वीजपुरवठा, मग डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचे रेझिस्टर), त्यानंतर ऑसिलेटर, आणि अँटेना सगळ्यात शेवटी. या क्रमातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला तुमचा जीव आणि तुमचे व्हॉल्व्ह सांभाळते.

इथे आपण एका व्हॉल्व्हचा, क्रिस्टलवर (वारंवारता पक्की ठरवणाऱ्या स्फटिकावर) चालणारा, मोर्स कीचा ट्रान्समीटर बांधणार आहोत. पट्टा ४० मीटरचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. शक्ती पाच-सहा वॅट. ऐकायला थोडी वाटते, पण हवामान साथ देत असेल तर जळगाव-धुळ्याहून दिवसा पुणे, नागपूर, अहमदाबाद एवढ्यावर आवाक्यात येतात. अंधार पडल्यावर याच पट्ट्यावर सिग्नल आणखी लांब पोचतो.

१. परवाना हातात आल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका

बिनपरवाना ट्रान्समीटर चालवणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तो नुसता घरात बाळगणंही १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हाच धरलं गेलं आहे, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला सरकारची परवानगी लागते, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते. अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. वय किमान १२ वर्षं लागतं. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींत रेडिओचं तंत्र आणि नियम विचारतात. जनरलला त्याशिवाय मोर्स असतो, मिनिटाला ८ शब्द घेणं आणि पाठवणं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची कॉलसाइन (हवेवरची ओळख) व्हीयू३नं सुरू होते, जनरलवाल्यांची व्हीयू२नं.

हा ट्रान्समीटर मोर्सवरच चालणार आहे, म्हणून माझा सल्ला थेट जनरलची तयारी करण्याचा आहे. रिस्ट्रिक्टेड आधी काढलात तरी हरकत नाही, पण मग तुमच्या श्रेणीला कोणते पट्टे, किती वॅट आणि कोणते प्रकार चालतात ते परवान्यासोबतच्या नियमांत नीट वाचा.

जवळ ठेवायचे कागद:

- ओळखपत्र
- पत्त्याचा पुरावा
- जन्मतारखेचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला)
- अलीकडचे फोटो आणि स्कॅन केलेली सही

फी आणि कागदांची यादी बदलत असते, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरच्या सूचना वाचूनच पुढे जा.

इथे दोन ठिकाणी माणसं अडतात. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि दाखल्यावर फक्त आद्याक्षर, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, असं आपल्याकडे घरोघरी असतं. अर्जाआधी ते दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण पत्त्याची. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. राहता जळगावात आणि अँटेना बांधायची आहे यावलच्या मळ्यात, तर कुठला पत्ता द्यायचा ते आधी ठरवा.

२. व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचायला शिका

जुन्या पेटीतले व्हॉल्व्ह दिसायला सारखेच, पण सगळे आपल्या कामाचे नसतात. युरोपीय पद्धतीच्या नावात पहिलं अक्षर हीटरबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेबद्दल, सांगतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरची मालिका (सगळे हीटर एकामागे एक जोडलेले), हे टीव्हीत असायचे. यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची मालिका. दुसरं अक्षर आतल्या रचनेचं: सी म्हणजे ट्रायोड (आत तीन भाग), एफ म्हणजे लहान पेंटोड (आत पाच भाग), एल म्हणजे शक्तीचा पेंटोड. म्हणजे ईएल८४ हा ६.३ व्होल्टवरचा शक्तीचा पेंटोड. यूएल८४ त्याचा जुळा भाऊ वाटतो, पण त्याच्या हीटरला ४५ व्होल्ट लागतात. दुकानदार 'सेमच आहे' म्हणून यूएल देतो. ६.३ व्होल्टवर तो तापतच नाही, आणि तुम्ही रात्रभर सर्किटमधली चूक शोधत बसता.

अमेरिकन नावात सुरुवातीचा आकडा हीटरचा अंदाज देतो. ६व्ही६, ६एल६, ६एजी७ हे सगळे ६.३ व्होल्टचे. ८०७ हा प्रसारणाचा व्हॉल्व्ह या नियमात बसत नाही, पण त्याचाही हीटर ६.३ व्होल्टच घेतो.

पहिल्या कामाला ६व्ही६ घ्या. हीटरला ०.४५ अँपिअर पुरतात, ऑक्टल सॉकेट मोठं असल्यानं सोल्डर करायला हात नीट जातो, आणि थोडीफार चूकभूल तो सहन करतो. नाहीच मिळाला तर ईएल८४ चालेल. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बेंगळुरूत बनवलेले ईएल८४ आपल्याकडच्या रेडिओंत भरपूर असायचे. त्याचा हीटर ०.७६ अँपिअर घेतो आणि पिना वेगळ्या, एवढं ध्यानात ठेवा.

विकत घेण्याआधी काचेच्या आतला चंदेरी डाग पाहा. तो चकचकीत असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह कितीही स्वस्त मिळाला तरी नको. मल्टीमीटरनं हीटरची सलगता तपासा. हीटर आणि कॅथोड (हीटरनं तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) एकमेकांना चिकटलेले नाहीत तेही पाहा. चालू केल्यावर काचेच्या कडेला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. आतल्या पत्र्यांच्या मधोमध जांभळट धुकं दिसलं तर मात्र आत वायू आहे, लगेच बंद करा.

३. सामान

- ६व्ही६ दोन (एक राखीव) आणि ऑक्टल सॉकेट
- ७.०३० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल
- ट्रान्सफॉर्मर: २३० व्होल्टवरून २२०-०-२२०, १०० मिलिअँपिअर, आणि वेगळी ६.३ व्होल्टची २ अँपिअर वाइंडिंग
- १एन४००७ डायोड चार
- ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे कंडेन्सर दोन, १०५ अंशांचे
- जुन्या रेडिओतले, स्टेशन लावायला फिरवायचे, दोन कप्प्यांचे गँग कंडेन्सर दोन
- २.५ मिलिहेन्रीचे आरएफ चोक (डीसी जाऊ देऊन रेडिओचा सिग्नल अडवणाऱ्या कॉइल) तीन
- ०.००१ मायक्रोफॅरड, २ किलोव्होल्टचे सिरॅमिक डिस्क कंडेन्सर दोन-तीन
- ०.०१ मायक्रोफॅरड, १ किलोव्होल्टचे चार-पाच
- ० ते १०० मिलिअँपिअरचा काट्याचा मीटर
- आयआरएफ८४० मॉस्फेट एक
- फ्यूज होल्डर दोन, ॲल्युमिनिअमची चॅसी, टॅगस्ट्रिप, मोर्स की
- ३२ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणि २० गेजची इनॅमल तार

मल्टीमीटर ६०० व्होल्टपर्यंत डीसी मोजणारा हवा, आणि त्याच्या वायरींवर कुठेही भेग नको.

पीव्हीसी पाइप जळगावात मागाल त्या मापाचा मिळतो, हे सांगायला नको. डायोड, कंडेन्सर, मॉस्फेट गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात मिळतात. क्रिस्टल आणि आरएफ चोकसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन दुकानं. गँग, सॉकेट आणि व्हॉल्व्हसाठी जुने रेडिओ मेकॅनिक, भंगारवाले आणि एके काळी लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावणारे मंडपवाले गाठा. त्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून ६एल६ किंवा ईएल३४ निघू शकतात. पुण्याला गेलात तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात एक फेरी मारा.

चालू स्थितीतला जुना रेडिओ मात्र सुट्या भागांसाठी फोडू नका. तो ऐकणारं कुणीतरी घरात असतं. बंद पडलेले, खोकं कुजलेले पुष्कळ मिळतात.

क्रिस्टलबाबत दोन गोष्टी. दुकानात ४.४३३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सहज मिळतो, कारण तो रंगीत टीव्हीत असायचा, पण ती वारंवारता हौशी पट्ट्यात येत नाही. ३.५७९ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल टेलिफोनच्या टोन ओळखणाऱ्या सर्किटसाठी विकला जातो, तो मात्र ८० मीटरच्या पट्ट्यात बरोबर बसतो. ज्यांच्याकडे मळा आहे आणि चाळीस मीटर तार ताणता येते, त्यांना तो फार स्वस्तात पडतो.

४. वीजपुरवठा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

ट्रान्सफॉर्मर जुन्या रेडिओतून काढता येतो, पण मी तो गुंडाळून घ्यायला सांगेन. आपल्याकडे केळी आणि कापसाच्या मळ्यांमुळे गावोगावी पंपाच्या मोटारी भरून देणारे कारागीर आहेत. इनॅमल तार, इन्सुलेशनचा कागद आणि व्हार्निश त्यांच्याकडे कायम असतं, आणि त्यांचा हात सफाईदार असतो. त्यांना वर दिलेलं माप कागदावर लिहून द्या. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये कागदाचे जादा थर मागा, आणि माल ताब्यात घेण्याआधी मेगरनं इन्सुलेशन तपासून दाखवायला सांगा. २५०-०-२५० न घेता २२०-०-२२० घेण्याचं कारण साधं आहे: ६व्ही६च्या स्क्रीनला (व्हॉल्व्हच्या आतल्या एका जाळीला) तीनशेच्या खालीच ठेवायचं असतं. २२० व्होल्ट एसीचे फिल्टर कंडेन्सरवर लोड नसताना ३११ व्होल्ट डीसी होतात, आणि लोडवर २८०-२९०ला उतरतात.

सेकंडरीच्या प्रत्येक टोकाला दोन डायोड एकामागे एक लावा. इथे डायोडवर उलटा दाब सव्वासहाशे व्होल्टपर्यंत जातो. १एन४००७ची क्षमता १००० असली तरी शेतातले पंप चालू-बंद होताना लाइनवर जे झटके येतात, ते पाहता एका डायोडवर मी विसंबणार नाही. सेंटर टॅप १५० मिलिअँपिअरच्या फ्यूजमधून चॅसीला. डायोडनंतर पहिला ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, मग रेडिओतला फिल्टर चोक किंवा २२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, मग दुसरा कंडेन्सर. प्रायमरीला स्विच आणि अर्ध्या अँपिअरचा फ्यूज. चॅसीला तीन पिनी प्लगची अर्थिंग पक्क्या स्क्रूनं जोडा.

आता ब्लीडर. शेवटच्या कंडेन्सरवर ४७ किलो-ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा सोल्डर करा. स्विच बंद केल्यावर हाच रेझिस्टर कंडेन्सर रिकामे करतो. वरच्या मापांनी दहा-बारा सेकंदांत दाब तीस व्होल्टच्या खाली येतो. ब्लीडर नसेल, तर संध्याकाळी बंद केलेला सेट सकाळीही जोराचा झटका देऊ शकतो. ब्लीडरही जळू शकतो, म्हणून त्याच्यावर आंधळा विश्वास नको. पीव्हीसी पाइपच्या हातभर तुकड्याच्या टोकाला १ किलो-ओहम १० वॅटचा रेझिस्टर बांधा, त्याचं एक टोक लवचिक वायरनं चॅसीला जोडा आणि दुसऱ्या टोकाला पितळी खिळा लावा. चॅसीत हात घालण्याआधी दर वेळी हा खिळा कंडेन्सरच्या धन टोकाला लावायचा, मग मीटरनं शून्य दिसतंय का पाहायचं, आणि मगच हात.

गळती होताच लाइन तोडणाऱ्या आरसीसीबी स्विचबद्दल एक गैरसमज मी पुन्हा पुन्हा ऐकतो: 'घरात आरसीसीबी आहे, शॉक लागला तर तो पडेल.' पडणार नाही. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी घरच्या लाइनपासून वेगळी असते. तिच्यातून तुमच्या अंगातून गेलेला करंट आरसीसीबीला दिसतच नाही. इथे तुम्हाला वाचवणारी यंत्रणा म्हणजे तुमची सवय. चालू सेटवर मोजमाप करायचं तर काळी वायर क्लिपनं चॅसीला लावून एकाच हातानं मोजायचं. भुसावळचे एक जुने मेकॅनिक आबा शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायचे: "हाऊ करंट शे भो, दुसरा हात खिसामा ठेव." पायात रबरी चप्पल, बोटात अंगठी नाही, मनगटावर कडं नाही, आणि घरात दुसरं माणूस हवं, ज्याला मेन स्विच कुठे आहे ते माहीत आहे.

ट्रान्सफॉर्मर नसलेले जुने एसी-डीसी रेडिओही सापडतात. त्यांची चॅसी थेट लाइनला जोडलेली असते. त्यातले सुटे भाग घ्या, पण ती पद्धत ट्रान्समीटरला कधीही वापरू नका.

पुरवठा तयार झाला, की व्हॉल्व्ह न लावता तो तासभर चालू ठेवा. काही तापतंय का, वास येतोय का, गुंजतोय का पाहा. मग हीटरचा दाब व्हॉल्व्ह लावून सॉकेटवर मोजा. ६.३च्या दहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. आपल्याकडे मळ्यातले पंप सुरू झाले की लाइन १९० व्होल्टवर येते, तेव्हा हीटरला जेमतेम ५.२ मिळतात. गावात लाइन अशी हलत असेल तर फ्रिजला लावतो तसा स्टॅबिलायझर लावा. व्हॉल्व्हचं आयुष्य त्यानं वाढतं आणि सिग्नलही स्थिर राहतो.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५वर असतो. व्हॉल्व्ह स्वतःची उष्णता त्यात घालतो. यादीत १०५ अंशांचे कंडेन्सर लिहिले ते यासाठीच. ८५चे घेऊ नका, आणि ते व्हॉल्व्हला चिकटून बसवू नका. चॅसीला खाली-वर भोकं पाडा.

५. डमी लोड

१ किलो-ओहम २ वॅटचे वीस कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर दोन पत्र्यांच्या मध्ये समांतर जोडा. झाला ५० ओहमचा ४० वॅटचा लोड. वायरवाउंड रेझिस्टर वापरू नका, ते ७ मेगाहर्ट्झवर कॉइलसारखे वागतात. लोडवर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून त्यावरचा डीसी मोजा. त्या आकड्याचा वर्ग करून १००नं भागलं की वॅट मिळतात. २४ व्होल्ट दिसले तर पावणेसहा वॅट.

६. ऑसिलेटर

क्रिस्टल कंट्रोल ग्रिड (कॅथोडजवळची जाळी) आणि चॅसीच्या मध्ये. ग्रिडपासून चॅसीला ४७ किलो-ओहम. ग्रिड आणि कॅथोडच्या मध्ये ३३ पिकोफॅरड, कॅथोडपासून चॅसीला १५० पिकोफॅरड. कॅथोडचा डीसी एका आरएफ चोकमधून खाली येतो. या दोन छोट्या कंडेन्सरांमुळेच व्हॉल्व्ह दोलनं करायला लागतो, म्हणून त्यांची टोकं आखूड ठेवा. स्क्रीनला २२ किलो-ओहम २ वॅटमधून पुरवठा द्या आणि ०.०१ मायक्रोफॅरडनं सॉकेटपाशीच चॅसीला बायपास करा.

प्लेटला (आतल्या सगळ्यात बाहेरच्या पत्र्याला) पुरवठा दुसऱ्या आरएफ चोकमधून. प्लेटवरून ०.००१ मायक्रोफॅरड २ किलोव्होल्टच्या कंडेन्सरमधून पाय-नेटवर्कला. हे नेटवर्क म्हणजे एक ट्यूनिंग कंडेन्सर, एक कॉइल, एक लोडिंग कंडेन्सर. कॉइल: ३२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पाइपवर २० गेज तारेचे १६ वेढे, शेजारी शेजारी घट्ट. हे सुमारे ९ मायक्रोहेन्री होतात. ट्यूनिंगला गँगचा एक कप्पा, तो साधारण ६० पिकोफॅरडवर लागेल, म्हणजे पाती जवळजवळ उघडलेली. लोडिंगला दुसऱ्या गँगचे दोन्ही कप्पे समांतर.

तिसरा आरएफ चोक अँटेनाच्या सॉकेटवर, मधल्या पिनेपासून चॅसीला. हा चोक बऱ्याच जुन्या आकृत्यांत वगळलेला दिसतो. तुम्ही वगळू नका. प्लेटचा कंडेन्सर कधी शॉर्ट झाला, तर तीनशे व्होल्ट सरळ अंगणातल्या तारेवर जातील. चोक असेल तर ते चॅसीला जाऊन फ्यूज उडतो.

आता की. जुन्या पद्धतीत मोर्स की थेट कॅथोडच्या वाटेत असते. की उघडी असताना तिच्या टोकांवर धोकादायक दाब येतो, आणि तिथेच तुमची बोटं असतात. म्हणून कॅथोडच्या चोकचं खालचं टोक मीटरमधून आयआरएफ८४०च्या ड्रेनला जोडा, सोर्स चॅसीला. गेटला की मधून ८-१० व्होल्ट, आणि गेट ते सोर्स २२ किलो-ओहम. मॉस्फेट ५०० व्होल्ट सोसतो आणि की वर फक्त बॅटरीचा दाब राहतो. ज्यांना सगळं व्हॉल्व्हचंच हवं असतं त्यांना हा मॉस्फेट खटकतो. मला बोटं जास्त प्यारी आहेत.

क्रिस्टलच्या वाटेत ६ व्होल्ट ६० मिलिअँपिअरचा लहान दिवा मालिकेत लावा. आजचे पत्र्याच्या डबीतले क्रिस्टल फार नाजूक. जुन्या लष्करी क्रिस्टलएवढा करंट त्यांना सोसत नाही. दिवा स्पष्ट पेटताना दिसला तर स्क्रीनचा रेझिस्टर वाढवून ३३ किलो-ओहम करा. तो अजिबात पेटत नसेल तर उत्तम.

७. पहिल्यांदा चालू करताना

डमी लोड जोडा. हीटर चालू करून अर्धा मिनिट थांबा. दोन्ही गँग पूर्ण मिटवा. की दाबा आणि मीटरकडे पाहत ट्यूनिंग गँग हळूहळू उघडा. एका जागी काटा झपकन खाली येतो, त्याला डिप म्हणतात. आता लोडिंग गँग थोडा उघडा, काटा वर जाईल. पुन्हा ट्यूनिंगनं डिप आणा. असं करत करत डिपवरचा करंट ४० मिलिअँपिअरच्या आसपास आणा आणि डमी लोडवरचे वॅट पाहा. की एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका.

डिप येतच नसेल तर क्रिस्टल चालतच नाहीये. ग्रिड-कॅथोडचे कंडेन्सर आणि कॅथोडचा चोक तपासा. प्लेट लालसर दिसू लागली तर सगळं सोडून की उचला. दोन ठिकाणी डिप आली, तर गँगची पाती जास्त मिटलेली असतानाची खरी. जास्त उघडलेली असतानाची १४ मेगाहर्ट्झची, म्हणजे दुप्पट वारंवारतेची असते.

८. सूर ऐकल्याशिवाय अँटेना नाही

शेजारच्या खोलीत रिसीव्हर ठेवा, त्याला अँटेना लावू नका, आणि स्वतःचाच सिग्नल ऐका. संगणकाला लावायचा स्वस्त एसडीआर रिसीव्हर असेल तर फारच छान, कारण सिग्नल डोळ्यांनीही दिसतो. डॅशच्या सुरुवातीला सूर चिमणीसारखा वर-खाली होत असेल, तर क्रिस्टलवर भार जास्त आहे किंवा पुरवठा दबतो आहे. सुरात घरघर असेल तर फिल्टर अपुरा. की उचलताना आजूबाजूच्या वारंवारतांवर टकटक ऐकू येत असेल तर की चं चालू-बंद होणं जरा मऊ करायला हवं.

१४.०६० आणि २१.०९० मेगाहर्ट्झवरही ऐका. तिथे सिग्नल जोरात येत असेल तर ट्रान्समीटर आणि अँटेनाच्या मध्ये लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) लावा. खरं तर तो लावाच. तुमचा सूर दुसऱ्यांच्या कानावर पडणार आहे, आणि पट्टा सगळ्यांचा आहे.

९. अँटेना

७.०३० मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीचा डायपोल एकूण २०.३ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.१५. मध्यावर आरजी-५८ केबल. उंची ८-१० मीटर मिळाली तर पुरे. आपल्याकडे केळीला टेकू द्यायला बांबू लागतातच, त्यातले चांगले दोन जोडून खांब होतो. बाजू दहा-वीस सेंटिमीटर लांब कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) पाहत छाटत या.

महावितरणच्या तारा कुठून जातात ते आधी पाहा. तुमचा बांबू पडला किंवा तुमची तार तुटून उडाली, तरी ती विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. मळ्यातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या लाइनपासून तर खूपच लांब राहा. मे अखेरीस वळवाचे ढग दिसायला लागले की वापर नसताना केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवायची.

अँटेना आणि रिसीव्हर-ट्रान्समीटरच्या मध्ये दोन कप्प्यांचा स्विच लावा. एका कप्प्यानं अँटेना बदलायची, दुसऱ्यानं प्रसारण चालू असताना रिसीव्हर बंद ठेवायचा.

पहिल्या दिवशी सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) देण्याआधी दहा मिनिटं ७.०३०वर नुसतं ऐका. कुणी बोलत असेल तर त्यांचं संपू द्या. वारंवारता मोकळी आहे का विचारा, मग कॉलसाइन. क्रिस्टलमुळे तुम्हाला वारंवारता बदलता येत नाही, म्हणून हे ऐकणं तुमच्यासाठी इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं. प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, वारंवारता आणि कॉलसाइन लॉगबुकात लिहा.

१०. ८०७ची घाई

सेट चालला की पंधरा दिवसांत ८०७ची स्वप्नं पडायला लागतात. १९३६ साली आलेला हा व्हॉल्व्ह महायुद्धानंतर लष्करी भंगारातून जगभर पसरला, आणि त्याच्याबद्दलचं प्रेम मला पूर्ण समजतं. ६व्ही६च्या मागे तो ॲम्प्लिफायर म्हणून जोडला की वीस-तीस वॅट मिळतात. पण त्याला ४०० ते ६०० व्होल्ट लागतात, आणि तो दाब डोक्यावरच्या उघड्या टोपीवर असतो. प्लेटचा पुरवठा तुटला आणि स्क्रीनचा चालू राहिला तर स्क्रीन काही क्षणांत जळते. प्लेटच्या टोपीपाशी ४७ ओहमच्या रेझिस्टरवर चार-पाच वेढ्यांची सप्रेसर कॉइल नसेल तर तो भलत्याच वारंवारतेवर आपोआप दोलनं करायला लागतो. पीव्हीसीवरची कॉइलही एवढ्या शक्तीला तापते, तिथे सिरॅमिक किंवा हवेतली कॉइल लागते.

त्याच पेटीत ८६६ नावाचा रेक्टिफायर मिळाला तर त्याला हात लावू नका. त्यात पाऱ्याची वाफ असते, आणि आज १एन४००७ची साखळी तेच काम करते.

एक अख्खा हिवाळा ६व्ही६वर काढा. त्या काळात लॉगबुकात नागपूर, इंदूर, हैदराबाद यायला लागतील. मग ८०७साठी नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला द्या, आणि तेव्हाही सुरुवात चौथ्या पायरीपासूनच करा, नव्या दाबाला पुरेल असा नवा ब्लीडर आणि नवी डिस्चार्ज काठी घेऊन.